काहीही न दुखणाऱ्या गावची नर्स

आमच्या वेस्टरडालमध्ये कुणाचं काही दुखत नाही. फार तर ‘जरा जाणवतं’. ट्रॅक्टरचं चाक पायावरून गेलं तर माणूस म्हणतो, बूट जुनाच होता. मिनेसोटाच्या या पोळपाटासारख्या सपाट कोपऱ्यात पहिले नॉर्वेजियन शेतकरी आले तेव्हाच त्यांनी बहुतेक ठरवून टाकलं असावं, की बोलून काही थंडी कमी होत नाही, तर मग बोलायचं कशाला. “कसं काय?” विचारलं की उत्तर एकच, “तसं ठीकच.” कुणी “मजेत” म्हणालं तर लोक हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतात.

दवाखान्यातसुद्धा याची एक रीतच पडून गेली आहे. माणूस येतो, रक्तदाबाच्या गोळ्या नव्याने लिहून घेतो, साखरेच्या बीटला यंदा पाऊस कमी पडला की जास्त यावर दोन वाक्यं बोलतो, टोपी घालतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि मग बाहेरच्या गाड्यांकडे बघत म्हणतो, “आणि हो, ते एक राहिलंच.” जे राहिलेलं असतं, तेच सांगायला तो आलेला असतो.

आर्लिस स्टेनरूडची सगळी विद्या त्या दारापाशी होती. एकतीस वर्षं ती या दवाखान्यात नर्स. तपासायचे डॉक्टर मॅग्नुसन; आर्लिस पेशंटला दारापर्यंत सोडायला जायची आणि काही न विचारता नुसती उभी राहायची. व्हर्डेल नुटसन असाच दारात थांबून म्हणाला होता, “परवापासून डाव्या खांद्यात जरा मुंग्या येतायत. कुंपणाचे खांब ठोकले ना, त्याने असेल.” आर्लिसने त्याची टोपी काढून घेतली, त्याला हाताला धरून परत आत आणलं आणि झोपवलं. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा व्हर्डेलची तक्रार एवढीच होती, की एवढ्याशा कामाला इतका आवाज कशाला.

तिचं गणित साधं होतं. वेस्टरडालचा माणूस ‘जरासं’ म्हणाला, की त्याला दहाने गुणायचं. एकतीस वर्षांत हे गणित चुकलं नव्हतं. चुकलं ते परीक्षेत.

झालं असं, की डॉक्टर मॅग्नुसन एकाहत्तर वर्षांचे झाले आणि त्यांनी सांगून टाकलं, “डिसेंबरनंतर मी मासे पकडणार.” त्यांच्या जागी यायला कुणी तरुण डॉक्टर तयार होईना. चौघे बघून गेले; त्यातला एक तर गाडीतून उतरलाही नाही. दवाखाना शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मालकीचा. त्यांनी पत्र पाठवलं, की एक जानेवारीपर्यंत निदान एक नर्स प्रॅक्टिशनर मिळाली तर दवाखाना चालू ठेवू, नाहीतर कुलूप. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नर्सच्या वरची पायरी. पेशंट स्वतः तपासायचा, रोग ओळखायचा, औषध आपल्या सहीने लिहून द्यायचं. कुलूप लागलं तर पुढचा दवाखाना एकेचाळीस मैलांवर होता, आणि इथे जानेवारीत एकेचाळीस मैल म्हणजे काय हे इथल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे.

आर्लिस चोपन्न वर्षांची. हे सगळं होणार असा तिला आधीच वास आला असावा, कारण तीन वर्षांपासून ती स्वयंपाकघराच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवून त्या पायरीचा अभ्यासक्रम करत होती. डॉक्टरांच्या हाताखाली तपासण्याचे तासही भरले. पदवी मिळाली. राहिली होती ती फक्त परवान्याची परीक्षा. कॉम्प्युटरसमोर बसायचं, दीडशे प्रश्न, तीन तास, प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं आणि त्यातलं एक बरोबर.

जूनमध्ये ती बसली आणि नापास झाली.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला सगळं गाव होतं. सगळ्यांना माहीत होतं. एकानेही विचारलं नाही. वायोला लुंड तिच्याशी वीस मिनिटं रुबार्बच्या रोपांवर बोलली आणि जाताना तिचा दंड एकदा दाबला. इथे याला गळ्यात पडून रडणं म्हणतात.

“तसं ठीकच झालं म्हणायचं,” आर्लिस मला म्हणाली. आम्ही शेजारी, माझे यजमान इथल्या साखर कारखान्यात आले त्याला आता बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मलाही तो दहाचा गुणाकार यायला लागला होता. मी तिच्या कपात कॉफी ओतली.

ही परीक्षा एका वर्षात दोनदाच देता येते. दुसरी खेप ऑक्टोबरात होती. त्यातही गेली, तर दवाखानाही गेला.

ऑगस्ट लागला तशी ती कार्डांनी भरलेलं एक खोकं घेऊन माझ्याकडे आली. एका बाजूला प्रश्न, उलट्या बाजूला उत्तर. “तू वाच, मी सांगते,” ती म्हणाली. “तुला यातलं काही कळत नाही ना?”

“ओ की ठो कळत नाही.”

“मग बरं. तू मला मध्येच खुणा करणार नाहीस.”

पहिली दहा-बारा कार्डं औषधांची होती. कुठल्या जंतूला कुठलं औषध, किती दिवस, गरोदर बाईला काय चालत नाही. मी प्रश्न पुरता वाचायच्या आत ती उत्तर द्यायची. मला कळेना, की ही बाई नापास झालीच कशी. मग पेशंटची कार्डं सुरू झाली.

“अठ्ठावीस वर्षांची बाई,” मी वाचलं. “सर्दी, खोकला, आणि कालपासून घसा दुखतो. वेदना दहापैकी सात, असं सांगते.”

आर्लिसने हातातलं विणकाम खाली ठेवलं. “सात? स्वतःच्या तोंडाने सात म्हणाली?”

“इथे तसं लिहिलंय.”

“घशात गळू झालंय. श्वास बंद होईल तिचा. ताबडतोब शहरात पाठव.”

मी कार्ड उलटलं. “साधा घसा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.”

“गुळण्या!” आर्लिस म्हणाली. “सात म्हणणाऱ्या बाईला गुळण्या? अगं, व्हर्डेल हार्ट अटॅकमध्ये दोन म्हणाला होता. आणि ते दोनसुद्धा मी दरडावल्यावर.”

“पुढचं घेऊ?”

“घे.”

“चौतीस वर्षांचा पुरुष. तिखट जेवून लगेच आडवं झालं की छातीत जळजळ होते, असं सांगतो. बाकी काही त्रास नाही असं सांगतो.”

“आपणहून सांगतो?”

“हो.”

“गेला तो,” आर्लिस म्हणाली.

तो कुठेही गेला नव्हता. त्याला रात्री हलकं जेवायला सांगितलं होतं.

त्या दुपारी आम्ही पेशंटची तीस कार्डं केली. त्यातल्या एकोणीस जणांना आर्लिसने हेलिकॉप्टरमध्ये घातलं. गरज दोघांना होती.

“आर्लिस,” मी शेवटी म्हटलं, “तुला येत नाही असं नाही. तू या लोकांवर विश्वासच ठेवत नाहीस.”

“पेशंटवर विश्वास ठेवून कुठे नर्सिंग होतं होय?”

“हे पेशंट वेस्टरडालचे नाहीत. यांना जेवढं दुखतं तेवढंच हे सांगतात.”

तिने विणकाम पुन्हा हातात घेतलं. परीक्षेतल्या माणसांना दारच नव्हतं ना. त्यांना जे काही होत होतं ते सगळं पहिल्याच ओळीत, आकड्यासकट. अशा माणसांपुढे उभं कुठे राहायचं हेच तिला कळत नव्हतं.

“असतात कुठे असे लोक?” तिने विचारलं. आम्हा दोघींची नजर एकदमच खिडकीबाहेर, बीटच्या शेतापलीकडच्या हिरव्या छपराच्या घराकडे गेली.

“नाही,” आर्लिस म्हणाली. “ती नको.”

ते घर तिच्या थोरल्या जावेचं. आर्लिसचा नवरा डुएन, त्याचा मोठा भाऊ कर्टिस, आणि कर्टिसची बायको रोझली. कर्टिस तरुणपणी सैन्यात होता, तेव्हा न्यू जर्सीहून त्याने ही इटालियन घरातली मुलगी लग्न करून आणली. त्याला चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत रोझली बर्फ काढायला शिकली, ट्रक चालवायला शिकली, फक्त एक गोष्ट तिला कुणी सांगितली नाही, की ‘कसं काय?’ हा इथे प्रश्न नसतो, नमस्कार असतो. तिला विचारलं की ती सांगते. गुडघा, झोप, पोट, कर्टिसचं घोरणं, सगळं, हातवाऱ्यांसकट. दुकानात ती दिसली की लोक पिठाच्या कपाटांच्या रांगेतून निघून खिळे-मोळ्यांच्या रांगेत जातात. जावाजावांचं म्हणाल तर नाताळात एकमेकींना बिस्किटं जायची, आणि बाकीचं वर्ष मध्ये शेत होतं ते बरं होतं.

त्या उन्हाळ्यात तर रोझलीचा जबडा दुखत होता. जेवताना दुखतो, म्हणायची. विनोद करण्याबद्दल आमचं गाव प्रसिद्ध नाही, पण त्या जबड्यावर जेवढे विनोद झाले तेवढे गेल्या दहा वर्षांत कशावर झाले नसतील. कर्टिस म्हणाला, चाळीस वर्षं यंत्र बंद केलं नाही, तेल तरी घाला. डॉक्टर मॅग्नुसनसुद्धा म्हणाले, “जरा विश्रांती देऊन बघा त्याला.” मी हसले होते, हे इथे लिहायला हवं.

दोन दिवसांनी आर्लिस मला बरोबर घेऊन जावेच्या दारात उभी राहिली.

“मला सराव करायचाय,” ती म्हणाली. “तक्रारी ऐकायचा.”

आयुष्यभर जमवलेलं ऐश्वर्य शेवटी कुणीतरी बघायला यावं तशी रोझली तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चाळीस वर्षांनी! ये, बस. कॉफी ठेवते. सांग, पायापासून सुरू करू की डोक्यापासून?”

“पायापासून,” आर्लिस म्हणाली. इथल्या माणसांना सगळं क्रमाने लागतं.

दर गुरुवारी दुपारी बैठक ठरली. नियम असा, की रोझली जे सांगेल ते आर्लिसने तसंच्या तसं लिहून घ्यायचं. गुणायचं नाही, भागायचं नाही. मग मी त्या अवयवाची कार्डं वाचायची.

“लिही,” रोझली म्हणायची, “काल दिवसभर मला कंटाळा आला होता. दहापैकी आठ.”

“कंटाळ्याला आकडा नसतो, रोझली.”

“तुमच्याकडे कशालाच नसतो. लिही, आठ.”

आर्लिस लिहायची. टाचा आणि बोटं एका गुरुवारात झाली, गुडघ्यांना दोन लागले. पोटापर्यंत सप्टेंबर आला. मध्येच रोझली म्हणाली, “डोक्याचं मला आधी सांगायचंय.”

“डोकं शेवटी,” आर्लिस म्हणाली. “आपण अजून पोटावर आहोत.”

आणि खरं सांगायचं तर उपयोग होत होता. रोझलीचं पोट दुखलं म्हणजे पोटच दुखलेलं असायचं. कमी नाही, जास्त नाही. ती जेवढं सांगायची तेवढंच असायचं, फक्त ते सांगायला तिला वेळ लागायचा. हळूहळू कार्डांवरची माणसंही आर्लिसला खरी वाटायला लागली. हेलिकॉप्टरच्या फेऱ्या एकोणीसवरून बारावर आल्या, मग सातावर. “बघ की,” ती मला एकदा परतताना म्हणाली, “बोलणारा माणूस खोटं बोलतोच असं नाही.” चोपन्नाव्या वर्षी लागलेला शोध होता तो.

सप्टेंबरचा तिसरा गुरुवार होता. पाठ आणि खांदे संपले होते.

“आता डोकं,” आर्लिसने वही उघडली.

“आली का एकदाची डोक्यावर!” रोझली म्हणाली. “लिही. इथे, कानशिलावर. गेले पाच आठवडे. मला आयुष्यात कधी डोकेदुखी नव्हती, हेही लिही. केस विंचरायला गेलं की कंगवा लागतो, कातडीच दुखते. आणि जबडा. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.”

आर्लिस हसली नाही. “जबडा नक्की कधी?”

“चावताना. चार घास खाल्ले की दमतो. थांबलं की बरं वाटतं. पुन्हा चावलं की पुन्हा तेच. मांस तर मी सोडूनच दिलंय.”

“आणि बोलताना?”

रोझली ताठ बसली. “बोलताना अजिबात नाही. तेच तर सांगतेय मी सगळ्यांना जुलैपासून.”

आर्लिसचं पेन थांबलं. मी तिच्याकडे बघितलं, तर तिचा चेहरा व्हर्डेलची टोपी काढून घेताना झाला असेल तसा झाला होता.

“डोळ्यांना काही?”

“परवा एका डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालं. मिनिटभर. मग गेला. ते मी सांगितलं नाही कुणाला.”

“का नाही सांगितलंस?”

“हसून हसून दमला होतात तुम्ही सगळे,” रोझली म्हणाली.

चाळीस वर्षांत ती एकदाच वेस्टरडालच्या माणसासारखी गप्प बसली होती, आणि नेमकं तेच महागात पडणार होतं.

हे कार्ड आमच्या खोक्यात होतं. पहिल्याच आठवड्यात मी ते वाचलं होतं: साठीच्या पुढची बाई, नवी डोकेदुखी, कंगवा लागतो, चावताना जबडा दमतो. आर्लिसने डोळे न उचलता, विणकाम न थांबवता उत्तर दिलं होतं. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज. त्याच दिवशी औषध सुरू करा, नाहीतर डोळे जातात. मी म्हटलं होतं, बरोबर. आणि आम्ही दोघी पुढच्या कार्डाकडे गेलो होतो, आणि हिरव्या छपराचं घर खिडकीतून दिसत होतं.

“कोट घाल,” आर्लिस म्हणाली.

“माझं डोकं अजून अर्धंच झालंय.”

“गाडीत सांग. सगळं सांग. मी ऐकतेय.”

डॉक्टर मॅग्नुसननी कानशील दाबून बघितलं, रक्त काढायला लावलं आणि रक्ताचा निकाल यायची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. पुढच्या आठवड्यात शहरात रक्तवाहिनीचा बारीकसा तुकडा काढून तपासला. निदान पक्कं झालं. दोन्ही डोळे वाचले. डॉक्टर रोझलीला म्हणाले, “तशा वेळेत आलात म्हणायचं.”

“मी जुलैतच आले होते,” रोझली म्हणाली. “तुम्ही नव्हता आलात.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

त्यानंतर रोझलीला आवरणं अशक्य झालं, हेही सांगायला हवं. आता तिच्याकडे निदानाचा कागद होता. दुकानात लोक खिळ्यांच्या रांगेत गेले तर ती तिथे जाऊन कागद दाखवायची. कर्टिसने महिनाभर तिच्यासाठी मांस अगदी बारीक चिरून दिलं, न सांगता. आमच्याकडे क्षमा अशी मागतात.

आर्लिस मात्र निदान पक्कं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर जावेची जाडजूड फाइल काढून बसली. मी तिला घ्यायला गेले होते. पानापानावर तिच्याच वळणदार अक्षरात तेच एक वाक्य होतं: तक्रारी नेहमीच्याच. तक्रारी नेहमीच्याच. गुडघ्याला नेहमीच्याच, खोकल्याला नेहमीच्याच, आणि जुलैत जबड्यालाही.

“शैला,” ती म्हणाली, “मी दारापाशी उभी राहते म्हणून लोक मला शहाणी म्हणतात. ही दारापर्यंत यायच्या आधीच मी फाइल मिटलेली असायची.”

“आता तर कळलं ना तुला.”

“एकतीस वर्षांनी. आणि तेही परीक्षेसाठी म्हणून ऐकायला गेले तेव्हा.” तिने फाइल जागच्या जागी लावली. “मी नाही बसत परीक्षेला. न ऐकता सही करणारी बाई गावाला नसलेली बरी.”

हे ती अगदी शांतपणे म्हणाली, त्यामुळे मी घाबरले. आदळआपट करणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. मी डुएनला सांगितलं. तो “हं” म्हणाला आणि गोठ्याकडे गेला. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, “तिचा निर्णय आहे.” शेवटी मी शेत ओलांडून हिरव्या छपराच्या घरी गेले.

रोझलीने ऐकून घेतलं, गोळ्यांमुळे सुजलेल्या चेहऱ्यावर लिपस्टिक लावली आणि माझ्याबरोबर निघाली. आर्लिस अंगणात वाळलेले कपडे काढत होती.

“तू बसणार नाहीस म्हणे.”

“नाही.”

“का? माझ्यासमोर लाज वाटते म्हणून?”

आर्लिसने एक चादर घडी केली. “हो,” म्हणाली. इथल्या माणसाच्या तोंडून इतकं सरळ उत्तर मी तोवर ऐकलं नव्हतं.

“वाटू दे,” रोझली म्हणाली. “वाटायलाच पाहिजे. पण लाज घरी बसून कशाला वाटायला हवी? दवाखान्यात बसून वाटू दे. एकेचाळीस मैलांवर जाऊन मी एखाद्या नव्या पोराला परत पायापासून सांगू? तुझ्याकडे माझं सगळं लिहिलेलं आहे. फक्त अर्धं डोकं राहिलंय.”

आर्लिसने चादरीची दुसरी बाजू तिच्या हातात दिली. दोघींनी मिळून ती घडी केली. परीक्षेचं त्यापुढे कुणी काही बोललं नाही, पण त्या संध्याकाळी कार्डांचं खोकं पुन्हा माझ्या टेबलावर आलं.

परीक्षा नेमकी बीटच्या काढणीत आली. ऑक्टोबरातले ते दिवस असे, की गावातलं लग्न असो की मयत, बीट आधी. डुएन ट्रकवर, कर्टिस ट्रकवर, शाळेतले मास्तरसुद्धा ट्रकवर. तेव्हा परीक्षेचं केंद्र असलेल्या फार्गो शहरापर्यंतचे दोन तास गाडी चालवायला मी. तिथे एका साध्याशा इमारतीत तिचे खिसे उलटे करून बघितले, चष्मा काढून बघितला आणि तिला आत घेतलं. मी गाडीत बसले. तीन तासांत मी जेवढा विचार केला तेवढा माझ्या स्वतःच्या बी.ए.च्या परीक्षेत केला नव्हता. डोळ्यांपुढे दवाखान्याच्या दारावरचं कुलूप दिसायचं, मग बर्फ, मग एकेचाळीस मैल.

ती बाहेर आली तेव्हा हातात घडी केलेला कागद होता. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. गाडीत बसली, पट्टा लावला.

“वारा सुटलाय,” ती म्हणाली.

“हो.”

“बीट कोरडं राहील.”

“राहील.”

बावीस वर्षं इथे काढल्यावर विचारायचं नाही एवढं मला कळत होतं. शहर मागे पडलं. बीटने भरलेले ट्रक समोरून एकामागून एक येत होते. वीसेक मैल झाले असतील, तेव्हा ती समोर बघतच बोलायला लागली.

“एक बाई होती. पस्तिशीची. पाठ दुखते, दहापैकी आठ. मी म्हटलं, बरं बाई, आठ तर आठ. तुझंच अंग, तुलाच माहीत. मग बाकीचं सगळं नीट वाचलं. पायात बधिरपणा नाही, ताप नाही, काही नाही. तिला हालचाल चालू ठेवायला सांगितलं आणि घरी पाठवलं.”

“आणि हेलिकॉप्टरमध्ये किती गेले?”

“चार. चौघांनाही गरज होती.” तिने हातातल्या कागदाची घडी उलगडली. “शैला, मी पास झाले. मला फार आनंद झालाय.”

मी गाडी चालवत होते, म्हणून स्टिअरिंगला घट्ट धरून राहिले. तिने फोन काढून डुएनला लावला. पलीकडून ट्रकच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

“डुएन, मी पास झाले. मला इतका आनंद झालाय, की मोठ्याने ओरडावंसं वाटतंय.”

पलीकडे इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

“आर्लिस,” डुएन सावकाश म्हणाला, “गाडी कोण चालवतंय?”

“शैला.”

“तिला म्हणावं बाजूला घे. आणि तू जरा पाणी पी.”

“मला काही झालेलं नाही, डुएन. मी आनंदात आहे.”

“हो, हो,” डुएन म्हणाला. “अजिबात हलू नकोस. मी येतो.”

आम्ही गावाच्या वळणावर पोचलो तेव्हा तो तिथे उभा होता, मागे बीटने भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला लावून. काढणीच्या दिवसांत भरलेला ट्रक उभा ठेवणारा माणूस मी इथे पहिल्यांदाच बघितला. त्याने खिडकीतून आर्लिसकडे निरखून बघितलं. तिचे डोळे पाणावलेले होते आणि ती हसत होती. बिचाऱ्याला त्याचा अर्थ लागेना. मग तिने कागद पुढे केला. त्याने तो वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचला, आणि घडी करून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

“हा माझ्याकडे असू दे,” म्हणाला. “तुझ्याकडून हरवेल.”

आणि ट्रक सुरू करून निघून गेला.

त्या दिवशी कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रकांची रांग काही केल्या पुढे सरकेना. माझे यजमान तिथे होते. काय अडलंय म्हणून ते बघायला गेले, तर डुएन स्टेनरूड रांगेतल्या एकेका ट्रकजवळ जाऊन काच खाली घ्यायला लावत होता आणि एक कागद आत धरत होता. ते म्हणाले, की तोंडाने तो एक शब्दही बोलत नव्हता.